बरणीवरच्या दगडात पान निघालं (बडोदं)

बरणीवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करतोय. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात कैरीच्या लोणच्याची बरणी असायची आणि दादरा बांधून झाला की तिच्यावर एक चपटा दगड. मांजरामुळे, असं आजी म्हणायची. मी आज पंचावन्न वर्षांची आहे आणि तो दगड माझ्याआधीपासून तिथे आहे. परवा बरणी हलवताना पहिल्यांदाच तो उलटा केला, तर खालच्या अंगाला पान! रंगवलेलं नाही, कोरलेलं नाही, दगडातच उमटलेलं. मधे दांडा आणि दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दात्यांसारखी बारीक पानं. ठसा चार बोटं लांब आहे.

दगडाच्या कडेला डिंकाने कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. तेल पिऊन ती पापडासारखी झालीये. तिच्यावर मोडीत काहीतरी लिहिलंय, अक्षर नक्की आजोबांचं. ते बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते, गुजरातभर बदल्या झाल्या. घरचा हिशेब शेवटपर्यंत मोडीत लिहायचे. आता घरात मोडी कोणालाच येत नाही.

हे कसलं पान? पट्टीवर काय लिहिलंय? आणि तेल धुऊन काढू का? तिन्हीचे फोटो देते आहे.

शेवउसळ

तेल कैरीच्या लोणच्याचं असेल तर धुवायचं नाही, चाटायचं.

आळशी_वाचक

नेचा आहे. पावसाळ्यात आंबोलीला या, ढिगाने दाखवतो.

शंकेखोर

नेचा नाही, सायकस. अलकापुरीत बंगल्याच्या फाटकापाशी कुंडीत असतो तोच. कोणीतरी ओल्या सिमेंटवर पान दाबलं असणार. आजोबा बांधकाम खात्यात होते असं तुम्हीच लिहिलंय, ताई.

बरणीवाली

सिमेंट नाही हो. पिवळसर वाळूचा दगड आहे, नखाने खरवडला की कण सुटतात.

पानगळ

ताई, आधी नखाने खरवडणं थांबवा! साबण, लिंबू, ब्रश, चिंचेचं पाणी, काही लावू नका. वाळूचे कण कधीकधी चुन्याने बांधलेले असतात आणि आंबट लागलं की तो चुना विरघळतो. टिपकागदावर ठेवा, जेवढं तेल येईल तेवढं येऊ दे. डिंकाची पट्टी तर अजिबात सोडवू नका. दगडापेक्षा ती महत्त्वाची ठरू शकते.

आता एक काम करा. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा, उजेड तिरका पडला पाहिजे. शेजारी एक नाणं ठेवा आणि बारीक पानं दांड्याला जिथे चिकटतात तिथला अगदी जवळून फोटो काढा.

(पूर्वी पुराजीवशास्त्र शिकले आहे. आता शाळेत शिकवते, पण खाज जात नाही.)

बरणीवाली

काढले. दहाचं नाणं ठेवलंय. टॉर्च भाच्याने धरला होता. अंधारात ते पान असं वर उठून आलं की आई देवघरातून उठून बघायला आली.

पानगळ

वा! फोटो फारच छान आलाय.

हा नेचा नाही. आजच्या अर्थाने सायकसही नाही, जरी शंकेखोरांचा अंदाज भल्याभल्यांच्या पंक्तीतला असला तरी. एकोणिसाव्या शतकात सगळे अशा पानांना सायकसचीच भावंडं समजत.

बारीक पानांना आपण पर्णिका म्हणू. त्या दांड्याच्या कडेला लागलेल्या नाहीत, वरच्या अंगाला लागल्यात. म्हणून दोन्हीकडच्या पर्णिका मधे जवळजवळ भिडतात आणि दांडा झाकला जातो. दगडात पान पालथं पडलं असतं तर दांडा ठळक दिसला असता. आता पर्णिकेचं बूड बघा. वरचा कोपरा गोल आहे आणि खालचा दांड्यावर किंचित उतरलाय. (आता येणारी नावं अशाच जीवाश्म पानांच्या प्रकारांची.) दोन्ही कोपरे सारखेच आवळलेले असते तर मी झॅमाइट्स म्हटलं असतं, वरच्या कोपऱ्याला कानाच्या पाळीसारखा फुगवटा असता तर ओटोझॅमाइट्स. पर्णिका अख्ख्या रुंदीने कडेला चिकटलेल्या असत्या तर टेरोफायलम. शिरांची जाळी असती तर डिक्टिओझॅमाइट्स. इथे शिरा जवळजवळ समांतर आहेत.

तर माझं मत टिलोफायलम. ग्रीकमध्ये टिलॉन म्हणजे पीस, फायलॉन म्हणजे पान. बेनेटायटेलीज नावाच्या बीजधारी वनस्पतींच्या गटातलं हे पान. ट्रायासिक, ज्युरासिक, क्रिटेशस हे पृथ्वीच्या इतिहासातले ओळीने आलेले तीन काळ. ट्रायासिकमध्ये हा गट दिसू लागला, ज्युरासिकमध्ये जगभर पसरला आणि क्रिटेशसच्या अखेरीपर्यंत जवळजवळ सगळा संपला. वंशज म्हणून बोट दाखवावं असं आज एकही झाड नाही.

शेवउसळ

म्हणजे डायनोसॉरच्या ताटातली कोशिंबीर लोणच्यावर ठेवली होती.

पानगळ

पाला खाणारे डायनोसॉर तेव्हा होते, हे खरं. पण या पानावर दाताची खूण नाही, तेव्हा कोणाच्या ताटात काय होतं ते मी सांगणार नाही. :)

लपेटीदार

पट्टी वाचली. तेलाने उपकारच केलेत, शाई उठून दिसतेय. वळण सुंदर आहे, शाळेत घोटलेलं. मजकूर एवढाच: "त्र्यंबक ओढाकाठी मिळाला. पान. सन १९६३."

आळशी_वाचक

त्र्यंबकेश्वर! आजोबा यात्रेला गेले असणार.

बरणीवाली

गेलेही असतील. आमचं मूळ गाव नाशिककडचंच. पण यात्रेहून दगड?

पानगळ

लपेटीदार, तुमच्या मोडीपुढे मी नतमस्तक आहे, पण हे जुळत नाही. नाशिक-त्र्यंबक सगळा काळा बसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. उकळत्या लाव्ह्यात असं पान उमटत नाही. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तळ्यांचा गाळ सापडतो आणि त्यात झाडं मिळतात, छिंदवाड्याजवळचं मोहगाव कलान त्यासाठी प्रसिद्धच आहे. पण तिथे ताड आणि फुलझाडं भेटतात. टिलोफायलमची मंडळी आपल्याकडून तोवर निघून गेलेली. आणि ताईंच्या हातात पिवळा वालुकाश्म आहे, त्याचं त्र्यंबकच्या डोंगराशी नातं नाही.

शंकेखोर

म्हणजे चिठ्ठी खोटी की पान खोटं?

कच्छी_वाळू

मधेच बोलतो. मी मूळचा रावपुऱ्यातला. नोकरीमुळे भुजला बारा वर्षं काढली. लपेटीदार, ते अक्षर पुन्हा बघता का? भुजजवळ त्रंबौ नावाचं गाव आहे. पिवळा वालुकाश्म म्हणाल तर तिथे दुसरं काही नाहीच.

लपेटीदार

बघितलं, तीनदा. मान्य. "त्रंबौ ओढाकाठी."

मोडीत शब्द तोडत नाहीत, सगळं एका ओळीत वाहत जातं. ह्रस्व-दीर्घाचाही भेद नाही. 'बौ' आणि पुढचा 'ओ' एकात एक गुंतलेत आणि तिथेच तेलाचा डाग गडद आहे. मी आयुष्यभर पेशवाईची कागदपत्रं वाचली. हात त्र्यंबकाकडेच गेला. त्रंबौ हे गाव आज पहिल्यांदा ऐकलं.

बरणीवाली

अंगावर काटा आला. आईला विचारलं. ती म्हणते, आजोबांची एक बदली कच्छला झाली होती, रस्त्याच्या कामावर. आजी बडोद्यालाच राहिली, कारण काका तेव्हा तान्हा होता. १९६३ जुळतं.

पानगळ

त्रंबौ म्हणालात आणि मी चहा तसाच ठेवून उठले. तिथले वनस्पतींचे जीवाश्म अभ्यासकांना चांगले माहीत आहेत. भुजचा वालुकाश्म क्रिटेशसच्या पूर्वार्धातला, म्हणजे १० ते १४ कोटी वर्षांच्या दरम्यानचा. नद्यांनी आणून टाकलेली वाळू. (भुजच्या विहिरींना पाणीही याच वालुकाश्मातून येतं, कच्छी_वाळूंनी बारा वर्षं तेच प्यायलं असेल.)

आता खरी गोष्ट. टिलोफायलम हे नाव जगात पहिल्यांदा कुठल्या दगडांवरून पडलं? कच्छच्याच! कॅप्टन ग्रँट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कच्छचा भूगर्भीय नकाशा केला. त्याने नेलेल्या नमुन्यांतल्या पानांचं वर्णन जॉन मॉरिस या भूवैज्ञानिकाने केलं आणि ते १८४० साली छापून आलं. त्यातल्या एका जातीचं नाव टिलोफायलम कच्छेन्स. पुढे यॉर्कशायरपासून अंटार्क्टिकापर्यंत अशी पानं सापडली आणि सगळ्यांना हेच नाव लागलं. १८७६ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ओटोकार फाइस्टमांटेल या बोहेमियन माणसाने कच्छच्या वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला. तुमचा दगड म्हणजे या नावाच्या माहेरचा आहे, ताई.

शंकेखोर

सगळं छान. पण दिसतं सायकससारखं, तर सायकस का नाही? नुसत्या बुडाच्या कोपऱ्यावरून?

पानगळ

नाही, बुडावरून फक्त पानाचा प्रकार ठरतो. गट ठरला तो पानाच्या सालीवरून.

मऊ चिखलाच्या खडकात पान पडलं तर कधीकधी त्याचं मेणचट बाह्यावरण कोळशासारखं टिकून राहतं. ते सोडवून, रसायनांनी उजळ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पेशींच्या भिंती दिसतात. पर्णरंध्रसुद्धा. श्वासाच्या त्या छिद्राला दोन रक्षक पेशी असतात आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन. बेनेटायटेलीजमध्ये या शेजारणी आणि रक्षक एकाच मातृपेशीपासून झालेल्या दिसतात. सायकसच्या शेजारणी बाहेरून आलेल्या. रुडॉल्फ फ्लोरिन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात हा फरक मांडला. बेनेटायटेलीजच्या पेशींच्या भिंती बहुतेक वेळा नागमोडीही असतात. बाहेरून जुळी, आतून परकी.

तुमच्या दगडात नुसता ठसा आहे, साल नाही. म्हणून हे या दगडावरून सिद्ध करता येणार नाही. पण त्याच घडणीच्या, साल टिकलेल्या पानांवरून ते ठरलेलं आहे.

दुसरा फरक फुलोऱ्याचा, आणि तिथे जीवाश्म वनस्पतींचे आपले मोठे अभ्यासक बिरबल साहनी यांना आणावंच लागेल. झाड मेलं की पान एकीकडे वाहून जातं, बुंधा दुसरीकडे, फूल तिसरीकडे. प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाला सापडतो आणि तो त्याचं वेगळं बारसं करतो. पान टिलोफायलम, बुंधा बकलँडिया, बिया धरणारा फुलोरा विल्यमसोनिया. आपल्याकडे जुन्या बायकांचं कसं, माहेरी यमू, सासरी लक्ष्मी, आणि दोन्ही नावांचे कागद हाती लागले तर पुढच्या पिढीला वाटावं या दोघीजणी होत्या. राजमहालच्या टेकड्यांत, आजच्या झारखंडात, गारगोटी होऊन गेलेले नमुने साहनींना मिळाले. आतल्या पेशींसकट जपलेले. त्यावरून त्यांनी १९३२ साली दाखवलं की हा बुंधा, हे पान आणि हा फुलोरा एकाच झाडाचे. आपल्या केंब्रिजच्या गुरूंच्या, म्हणजे सीवर्ड यांच्या नावाने त्यांनी फुलोऱ्याला विल्यमसोनिया सीवर्डियाना म्हटलं. झाडाचं चित्रही मांडलं. साधारण दोन मीटर उंच, बुंध्यावर गळलेल्या पानांचे वण, डोक्यावर पानांचा झुबका.

आणि त्या झुबक्यातलं पान कोणतं? टिलोफायलम कच्छेन्स. :)

बरणीवाली

दोन मीटर म्हणजे आमच्या दारातल्या पारिजातकाएवढंच. मी उगीच ताडाएवढं धरून बसले होते.

उमरेडकर

आमच्या विदर्भाला विसरू नका. बीज असलेले नेचे आमच्याकडेही आहेत, ग्लॉसोप्टेरिस. कोळशाच्या खाणीत वडील नोकरीला होते, लहानपणी जिभेच्या आकाराची पानं दगडात पाहिली आहेत. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना मेला, तेव्हा त्यांच्याकडे १६ किलो दगड होते, उपासमार होत होती तरी टाकले नव्हते. त्यातही हीच पानं.

पानगळ

बरोबर. ती पानं ओळखली तीही याच सीवर्डनी, १९१४ साली. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकेकाळी जोडलेले होते याचा तो मोठा पुरावा ठरला.

फक्त एक दुरुस्ती. ग्लॉसोप्टेरिस पर्मियन काळातलं, ताईंच्या पानाहून दहा-बारा कोटी वर्षं तरी जुनं. आणि घराणंही वेगळं. 'बीजी नेचे' ही खरं तर एक मोठी गोणी आहे. पानं नेच्यासारखी, पण बिया धरणारी अशी बरीच नामशेष झाडं त्या एकाच गोणीत कोंबली आहेत. त्या गोणीचा शोध मात्र मजेदार आहे. इंग्लंडच्या कोळशात नेच्यासारखी पानं मिळत आणि सुट्या बियाही मिळत. १९०३ मध्ये ऑलिव्हर आणि स्कॉट यांनी (हा स्कॉट वेगळा) पाहिलं की बीच्या आवरणावर टाचणीच्या डोक्यासारख्या ग्रंथी आहेत आणि हुबेहूब तशाच ग्रंथी एका 'नेच्याच्या' देठावर आहेत. दुसऱ्या कुठल्याच झाडावर नाहीत. झालं, पत्रिका जुळली.

शंकेखोर

आणि हे फुलोरा फुलोरा काय चाललंय? गुलाबासारखं फूल होतं का?

पानगळ

यावर लोक शंभर वर्षं भांडले. अमेरिकेतल्या जॉर्ज वीलँडने सायकॅडिऑइडिया या ठेंगण्या, पिंपासारख्या भावंडाचा फुलोरा १९०६ मध्ये कमळासारखा उमललेला काढला. चित्र इतकं देखणं की ते पाठ्यपुस्तकांतून हटेचना. पुढे डेलेव्होरियास आणि क्रेपेट या अभ्यासकांनी दाखवलं की तो उमलतच नसावा, मिटलेलाच राहत असावा. काही नमुन्यांत किड्यांनी पोखरलेल्या वाटाही आहेत. फुलझाडांचे हे पूर्वज का, यावर १९८०च्या दशकात पुन्हा धुरळा उडाला. पूर्वज म्हणायला मी तयार नाही. बियांच्या गड्ड्याभोवती पाकळ्यांसारखी पानं होती म्हणून फूल आठवतं, इतकंच.

शेवउसळ

धागा शास्त्रात गेला. विकायला काढलात तर काय येईल, ताई?

कच्छी_वाळू

विकायचा नाही. बडोद्यात विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग आहे, कच्छवर त्यांचं कितीतरी काम आहे. तिथे द्या. नाहीतर कमाटीबागेतल्या संग्रहालयात.

आळशी_वाचक

कमाटीबागेत देवमाशाच्या सांगाड्यापुढे कोण बघणार हा चार बोटांचा ठसा? घरीच ठेवा.

बरणीवाली

माझीही तीच घालमेल आहे. देवमाशापुढे मी लहानपणी रडले होते, मागच्या खोलीतले दगड काही आठवत नाहीत. आणि हे आजोबांच्या हातचं आहे. त्यांनी कच्छहून एकच वस्तू आणली, ती ही.

पानगळ

मी सल्ला देणार नाही, पण एक हकिकत सांगते. वर ज्या वीलँडचं नाव घेतलं, त्याने दक्षिण डकोटातली अशा अश्मीभूत बुंध्यांची ३२० एकर जमीन स्वतःच्या नावावर करून सरकारला दिली. १९२२ मध्ये तिथे फॉसिल सायकॅड नॅशनल मॉन्युमेंट जाहीर झालं. तोवर वरवरचे बुंधे जवळजवळ संपलेले होते. लोकांनी आठवण म्हणून एकेक उचलला होता, आणि अभ्यासासाठी म्हणून खुद्द वीलँडनेही भरपूर नेले होते. बघायला काही उरलंच नाही. १९५७ मध्ये सरकारने स्मारकाचा दर्जाच काढून घेतला.

उलटं उदाहरणही आहे. इटलीत मार्झाबोट्टोला एट्रुस्कन (रोमनांच्या आधीच्या) लोकांच्या थडग्यावर असाच एक बुंधा ठेवलेला सापडला. त्यांना काय कळलं असेल कोण जाणे, पण त्यांनी ठेवला म्हणून तो राहिला. तुमच्या आजीने बरणीवर ठेवला तसा.

आजोबांनी गाव आणि साल लिहून ठेवलं, हे मात्र फार थोडे लोक करतात. ठिकाण नसलेला जीवाश्म म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

लपेटीदार

आणि 'पान' एवढंच लिहिलं. नेचा नाही, सायकस नाही. आपल्यापेक्षा आजोबा सावध होते.

बरणीवाली

उशीर झाला, माफ करा. घर आवरण्यात दोन आठवडे गेले.

काल दगड घेऊन विद्यापीठात जाऊन आले. सरांनी भिंग लावलं आणि "टिलोफायलम" म्हणाले. मी "माहितीये" म्हटलं तेव्हा चष्म्यावरून बघितलं त्यांनी! जात कोणती ते एवढ्या तुकड्यावरून सांगणार नाही म्हणाले. पट्टीचा फोटो काढला, मोडी येणारं कोणी आहे का विचारलं, मी या धाग्याचं नाव सांगितलं.

दगड त्यांच्याकडे दिला. वही पुढे केली, त्यात देणाराचं नाव, गाव, साल. गावाच्या रकान्यात मी त्रंबौ लिहिलं. सालाच्या रकान्यात १९६३. देणाराच्या रकान्यात आजोबांचं नाव लिहिलं, माझं नाही.

कागदाची पट्टी दगडावरच राहणार आहे. तेलाचा वास अजून येतो, तो जाणार नाही असं सर म्हणाले. त्यांची काही तक्रार नव्हती.

नवीन घरी बरणी आलीये. आई सकाळपासून विचारतेय, आता हिच्यावर काय ठेवू.

शेवउसळ

बसाल्ट ठेवा. त्र्यंबकचा.